खाणीचे नकाशे सोडून

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर बाबांनी "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवला असता आणि आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस, म्हणून लिहितो आहे. खाणीच्या सर्वेक्षणाची नोकरी मी सोडली असून राजीनामा मंजूरही झाला आहे. पुढच्या महिन्यापासून गडचिरोलीतल्या कुरखेड्याला राहून ग्रामसभांना, गावाच्या जंगलावरच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करून देण्याचे काम करणार आहे. पगार कमी आहे, हे आधीच सांगून टाकतो; मात्र तुमच्या औषधांच्या आणि घरखर्चाच्या पैशांत एक रुपयाही कमी होणार नाही. जी काटछाट करायची ती मी माझ्याच खर्चात केली आहे.

बाबा, तुमचे म्हणणे मला पाठ आहे: खाण आली तर गावातल्या पोरांना काम लागेल, आणि कोळसा जळतो म्हणूनच आपल्या घरात पंखा फिरतो. पंख्याचे खरेच आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे वीजकेंद्र कोळशावरच चालते, त्यामुळे कोळसाच नको असे मी म्हणत नाही. तो कोणत्या रानाखालचा काढायचा, एवढाच माझा प्रश्न आहे. उघड्या खाणीत आधी झाडे जातात, मग वरची माती आणि खडक खणून त्यांचे डोंगर रचले जातात, आणि खड्डा खोल गेला की भोवतालच्या विहिरींचे पाणी तिकडे उतरते. ओबीच्या, म्हणजे खणून टाकलेल्या माती-खडकाच्या, त्या ढिगांवर पुढे रोपे लावतात, पण मोह, तेंदू, चारोळीचे जुने रान त्यातून उभे राहत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. ते ढीग मोजण्याचाच पगार मी घेत होतो.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या गाभ्याला सहसा कोणी हात लावत नाही. धोका आहे तो त्याच्या बाहेरच्या, उद्यान नसलेल्या पण सगळ्यांच्या मालकीच्या रानाला. ताडोबाजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलातली कोळसा खाण २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अडवली. आपल्या चिमूर तालुक्यातला बंदर कोळसा खंड जून २०२० मध्ये लिलावाला काढलेल्या ४१ खंडांत होता. वाघांच्या भ्रमणमार्गाचे कारण पुढे आले आणि तो यादीतून वगळला गेला. दोन्ही वेळा रान वाचले ते वरच्या कोणाच्या तरी निर्णयाने, आणि यादीतून वगळलेले नाव पुढच्या यादीत घालायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून मला २००६ चा वनहक्क कायदा अधिक भरवशाचा वाटतो. आपल्या सामूहिक जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तो ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावले, तेव्हा बाराही ग्रामसभांनी नकार दिला. दावा मंजूर झाला म्हणजे खाण कायमची टळली, असे मात्र नाही. केंद्राच्या २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी तर ग्रामसभेची संमती घेण्याआधीच केंद्राची मंजुरी मिळण्याची वाट मोकळी केली. तरीही ज्या गावाच्या हाती हद्दीचा पक्का नकाशा आहे त्याला उडवून लावणे अवघड जाते, आणि नकाशा काढणे हेच तर मला येते.

आई, खोली पक्क्या छताची आहे, पाणी बाराही महिने असते आणि जेवणाची खानावळ समोरच आहे. मच्छरदाणी घेतली आहे. गडचिरोलीचा हिवताप मलाही ठाऊक आहे. रात्रीचा प्रवास करणार नाही, हा शब्द देतो. तुझ्या हातच्या जवसाच्या चटणीची सोय मात्र तिथे कुठेच नाही, तेव्हा एक बरणी भरून ठेव. लहानपणी बाबा रानातून परतताना खिशात माझ्यासाठी पिकलेली टेंभरे आणत आणि सदरा डागाळला म्हणून तू दोघांनाही रागे भरत असायचीस; या वयातही मला तसेच कोणी तरी रागे भरावे असे कधी कधी वाटते.

आता माझे ऐका. मोहफुले वेचायला आईने पहाटे अंधारात आणि एकटीने मुळीच जायचे नाही. वाकून बसलेले माणूस वाघाला जनावरासारखे दिसते, हे तुम्हीच मला शिकवले आहे. उजाडल्यावर चार जणी मिळून जा, आणि फुले थोडी कमी आली तरी चालतील. बाबांनी साखरेची गोळी जेवण टाळून घ्यायची नाही. बोडीच्या, म्हणजे आपल्या शेततळ्याच्या, पाळीवर पावसात चढायचे नाही. धानाला पाणी सोडायला गडी सांगितला आहे, त्याचे पैसे मी देईन.

आणि बाबा, राग ओसरला की एक काम करा. निस्ताराच्या, म्हणजे लाकूडफाटा आणायला रानात जाण्याच्या, जुन्या वाटा, गुरचराई, देवाची जागा आणि तेंदू तोडायला आपले लोक कुठवर जात ते गावात तुमच्याइतके कोणाला आठवत नाही. वनहक्काच्या दाव्यात थोरांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. आपल्या गावचा दावा अजून व्हायचा आहे. खाण यावी असे तुम्हाला वाटत असले तरी हद्द खरी तीच सांगाल, याची मला खात्री आहे. पोळ्याला येईन तेव्हा वही घेऊन येतो. तोवर डोळ्यांचा नंबर तपासून नवा चष्मा करून घ्या.

तुमचा,
बाळू