पुढची भेट कधी, या प्रश्नाला अनुदानात जागा द्या

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना भेटींच्या नियोजनाचा खर्च सेवेचाच खर्च म्हणून मंजूर करण्याबाबत

महोदय, सादर नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका लहान संस्थेत समन्वयक आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं, एकटे राहणारे वृद्ध आणि दिव्यांग यांच्या घरी आमच्या सात ताया जातात. सिडको, सातपूर, पंचवटी, जेलरोड आणि शिवाय पेठ, हरसूलच्या बाजूची काही गावं. जखमेची पट्टी बदलायची, लघवीची नळी बदलायची, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून द्यायच्या, संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी हयातीचा दाखला द्यायला सोबत जायचं, कधी नुसतं अर्धा तास बसून बोलायचं. ही सगळी कामं तारखेला बांधलेली असतात. तारीख हुकली की सेवा दिली काय नि न दिली काय, त्या माणसाच्या दृष्टीनं सारखंच.

आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहिते आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका आजोबांची नळी गुरुवारी बदलायची होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या ताईचं लेकरू आदल्या रात्री तापानं फणफणलं. तिनं सकाळी मला फोन करून सुट्टी सांगितली. मी तेव्हा दुसऱ्या एका आजीच्या कागदांसाठी रांगेत उभी होते. "हो, बघते मी" म्हटलं आणि विसरले. आजोबांची तारीख ताईच्या वहीत होती आणि वही तिच्या पिशवीत. त्याच गुरुवारी सिडकोत उत्तमनगरच्या एका आजींकडे रक्तदाब बघायला आमच्या दोघी जणी तासाभराच्या अंतरानं पोचल्या. आजींनी दोघींना चहा केला.

रविवारी रात्री आजोबांच्या शेजारणीचा फोन आला. नळी तुंबली होती, ओटीपोट टरारून फुगलं होतं, अंगात ताप होता. रिक्षातून दवाखान्यात नेलं आणि ते वाचले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, गुरुवारी मी दिवसभर दाराकडे बघत होतो."

त्या आठवड्यात आम्ही सगळ्या जणी बसलो आणि कुठं चुकलं ते शोधलं. कामचुकार कुणीच नव्हतं. सात वह्या, भिंतीवरचा एक पांढरा फळा, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि माझं डोकं, एवढ्यावर सगळ्या माणसांच्या तारखा चालल्या होत्या. व्हॉट्सअॅपवर तर आणखी भयंकर प्रकार होता. कुणाचा पत्ता, कुणाचा आजार, कुणाच्या जखमेचा फोटो, सगळं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आणि तिथून घरच्यांच्या हातात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं रुग्णाची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला आहे. आम्ही मात्र चांगल्या हेतूनं रोज लोकांची माहिती चव्हाट्यावर मांडत होतो.

संस्थांसाठी तयार केलेली सॉफ्टवेअर आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. अवनी आहे, कॉमकेअर आहे. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी, दोन्ही गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी बनवलेली, नेटवर्क नसलं तरी चालणारी. एका ओळखीच्या इंजिनिअर मुलानं सुट्टीचे दिवस देऊन आमच्यापुरती मांडणी करून दिली. आता प्रत्येक माणसाची एक नोंद आहे आणि प्रत्येक सेवेला तिचं अंतर ठरलेलं आहे. ताईनं आजची भेट नोंदवली की पुढची तारीख आपोआप पडते, आणि त्या तारखेपलीकडे किती दिवस थांबता येईल हेही तिथंच दिसतं. भेट राहिली की नाव लाल होतं. कुणी रजा टाकली की तिच्या त्या दिवसाच्या भेटी माझ्यासमोर येतात आणि त्या कुणाला द्यायच्या ते मी ठरवते. पेठकडे जाणारी ताई सावळ घाट ओलांडला की नेटवर्कबाहेर असते. ती नोंदी मोबाइलवरच भरते आणि परत आल्यावर त्या वर चढतात. गाडी चालवणाऱ्या दादांना फक्त पत्ता दिसतो, आजार दिसत नाही.

सुरुवातीला ताया घाबरल्या होत्या, तेही सांगायला हवं. "आता आमच्यावर पाळत का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता आणि तो रास्त होता. कोण कुठं उभी आहे हे दाखवणारी सोय आम्ही बंदच ठेवली. सगळे शब्द मराठीत केले, तेही तायांना विचारून. 'लाभार्थी' हा शब्द त्यांनीच काढून टाकायला लावला आणि तिथं 'घर' आलं. आज किती घरं, उद्या किती घरं. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारचे मोबाइल परत केले, ते आपल्याला आठवत असेल. मोबाइल निकृष्ट होते आणि अंगणवाडीच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अॅप इंग्रजीत होतं. त्या बायका कामाला नकार देत नव्हत्या. हातात दिलेलं साधन त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कामाच्या मापाचं असावं, एवढंच त्या मागत होत्या. म्हणून मंत्रालयात बसून आणखी एक अॅप बनवून आमच्यावर सक्तीचं करावं, अशी माझी मागणी मुळीच नाही.

मागणी वेगळी आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्याभोवतीचं काम फुकट होत नाही. मोबाइल लागतात, सर्व्हर लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतो तो रोज सकाळी यादी बघून बदल करणाऱ्या माणसाचा वेळ. अनुदानाच्या अर्जात व्हीलचेअरला रकाना असतो, किराणा किटला असतो. या खर्चाला नसतो. गेल्या वर्षी निधी देणाऱ्या एका कार्यालयात मी हा खर्च मांडला तेव्हा "हा प्रशासकीय खर्च, यात बसत नाही" म्हणून तो खोडला गेला, लाल शाईनं. गोळ्यांची डबी सेवा आणि ती कुणी, कुठल्या दिवशी पोचवायची हे ठरवणं म्हणजे कार्यालयाचा थाट, हा हिशेब मला आजतागायत पटलेला नाही.

आणि याला आधार नाही असंही नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिथं प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या मर्यादेत मोजायचा नाही, असं त्याच नियमाच्या व्याख्येत लिहिलं आहे. कंपनीच्या पैशाला जो न्याय, तोच आपल्या विभागाच्या अनुदानाला लावा. घरपोच सेवेच्या प्रकल्पात भेटींच्या नियोजनाचं साधन आणि समन्वयकाचं मानधन हा अंमलबजावणीचा खर्च समजावा, असं एक परिपत्रक पुरेसं आहे.

त्यासोबत अहवालाचंही बघावं. आज प्रत्येक निधी देणाऱ्याचा तक्ता वेगळा. एकाच आजींचं नाव, वय, आधार क्रमांक मी चार ठिकाणी चार वेळा टाइप करते. मार्च महिन्यात घरांची कामं मागे पडतात ती यामुळे. आमच्या सॉफ्टवेअरमधून एका दाबासरशी निघणारी यादी, तीही नावं झाकून, सगळ्यांनी स्वीकारावी. आणि किती लोकांना सेवा दिली याच्या जोडीला, ठरलेल्यापैकी किती भेटी वेळेवर झाल्या हेही विचारावं. आजवर ते मला एकाही तक्त्यानं विचारलेलं नाही.

हे सगळं आत्ताच का, याला नाशिकचं म्हणून एक कारण आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. २०१५ साली २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर या शाही स्नानांच्या वेळी पंचवटीत गाडी नेणं अशक्य होतं. गोदाकाठच्या गल्ल्या बॅरिकेडमागे होत्या. येणाऱ्या भाविकांची सोय होईलच, पण त्या बॅरिकेडच्या आत आमची घरंही आहेत. ज्यांची पट्टी एक दिवसाआड बदलते, ज्यांचा ऑक्सिजन संपत आलेला असतो, त्यांची यादी काढून भेटी आदल्या दिवसांवर आणायच्या आणि कुणाला चालत जाण्याचा पास लागेल ते पोलिसांना वेळेत कळवायचं, हे वहीवर होणार नाही. शहरात असं काम करणाऱ्या इतर संस्थाही आहेत. त्यांच्यापैकी कित्येक अजून वहीवरच आहेत, कारण नियोजनासाठी त्यांना कुणी एक रुपया दिलेला नाही.

म्हणून हे परिपत्रक येत्या आर्थिक वर्षाचे अर्ज मागवण्याआधी निघावं, ही कळकळीची विनंती. त्याआधी आपण किंवा आपल्या विभागातलं कुणी एक सकाळ आमच्या सिडकोतल्या खोलीवर यावं. साडेआठला ताया जमतात, मोबाइल उघडून दिवसाची घरं बघतात आणि नऊच्या आत बाहेर पडतात. गुरुवारी आलात तर बरं होईल. आजोबांची नळी बदलायची आहे, त्यांच्याकडेही जाऊन येऊ.

आपली विश्वासू,
एक समन्वयक, घरपोच सेवा, नाशिक