उत्तरायण संक्रांतीला सुरू होत नाही

मा. संपादक,

महोदय,

'आजपासून उत्तरायण, दिवस मोठा होऊ लागला' हे वाक्य दर १४ जानेवारीला तिळगुळाच्या फोटोखाली हमखास छापून येते. तोवर उत्तरायण तीन आठवड्यांचे झालेले असते. सूर्य मकरवृत्तावरून मागे फिरतो तो २१-२२ डिसेंबरला. मुंबईत तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. संक्रांतीपर्यंत त्यात सहा-सात मिनिटांची भर पडते.

यात पंचांगाची चूक नाही. त्यातली मकर रास ताऱ्यांवरून मोजलेली, म्हणजे निरयन. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलत असल्यामुळे, अयनबिंदू (सूर्य मागे फिरतो ती जागा) ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि अयनबिंदू व निरयन मकरारंभ यांतला फरक आता २४ अंशांच्या आसपास गेला आहे. म्हणून संक्रांतीची तारीखही पुढे सरकते: १८६३ साली ती १२ जानेवारीला होती. गैरसमज टिकतो तो सूर्योदयामुळे: मुंबईत तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरअखेरपासूनच पुढे जाऊ लागतो, तिकडे कोणी पाहत नाही.

खात्री गच्चीवर करता येते. सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि सव्वाबारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करावी. २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत आखूड सावली साधारण १२.३७ला मिळते, बाराला नव्हे. मुंबईचा मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी सुमारे ३९ मिनिटे मागे आहे. उत्तर दिशाही त्याच खुणेवरून घ्यावी, मोबाइलचे होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्यांपाशी फसवते. २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९१ सेंमी भरते, १४ जानेवारीला ८५.

नेमका अयनदिन, म्हणजे सूर्य मागे फिरतो तो दिवस, मात्र एका दिवसाच्या मापाने सापडत नाही. त्याच्या आगेमागे दहा दिवसांत सावली सेंटिमीटरभरच बदलते आणि तिचे टोक त्याहून जास्त पुसट असते. त्यापेक्षा १ डिसेंबरची सावली मोजून ठेवावी, तेवढीच सावली पुन्हा कधी पडते ते पाहावे (११ जानेवारीच्या सुमारास) आणि मधला दिवस काढावा.

जूनमधल्या अयनदिनाला हा खटाटोप बहुधा ढगांत जातो. २१ जूनला ऊन पडलेच, तर सावली जेमतेम ८ सेंमी आणि तीही दक्षिणेला, कारण सूर्य मेच्या मध्यालाच आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो. शाळांनी डिसेंबरच धरावा.

– एक आकाशनिरीक्षक वाचक, मुलुंड, मुंबई