पोस्टर टाकून पोरं म्युझियममध्ये येत नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ मे, जागतिक संग्रहालय दिन आला की 'तरुण पिढी संग्रहालयांकडे फिरकत नाही' अशी हळहळ दरवर्षी वाचायला मिळते. अहो पण त्यांना बोलावतंय कोण? बऱ्याच संग्रहालयांचं इन्स्टा उघडून बघा, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, खाली स्क्रोल केलं की परत दीपप्रज्वलन. आणि एखादं पोरगं आपणहून आलंच तर काय होतं तेही सांगतो. माझ्या कॉलेजातल्या भाच्याला आमच्या शहरातल्या एका संग्रहालयात मोराच्या आकाराचा अडकित्ता आवडला, मोबाईल वर केला तर लगेच शिट्टी. फ्लॅशसुद्धा नव्हता हो. पाटीवर काय, तर 'अडकित्ता, पितळ' बास, कुणाच्या घरातला, सुपारी नेमकी कुठे धरायची, काही पत्ता नाही.

इंग्लंडात रीडिंगला ग्रामीण जीवनाचं एक संग्रहालय आहे. त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये १९६२ सालच्या एका दांडग्या एडक्याचा जुना फोटो ट्विटरवर टाकला, वर एकच ओळ, तीही पोरं आपसात बोलतात तशी, आणि तो एडका जगभर फिरला. खर्च शून्य. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम तर चित्रांचे मोठे फोटो फुकट डाउनलोड करू देतं, वर म्हणतं घ्या आणि त्यातून तुमचं काहीतरी बनवा. आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयात नुसते अडकित्ते, पाय घासायच्या वज्री आणि दिवे घेतले तरी वर्षभराच्या रील्स होतील!

पण नुसत्या लाइक्सनी भागत नाही हेही खरंय, पोरांच्या हातात काम द्यावं लागतं. दुर्गसंवर्धनवाल्या संस्थांना विचारा, व्हॉट्सॲपवर एक मेसेज पडला की हीच 'न फिरकणारी' पोरं रविवारी पहाटे स्वतःच्या खर्चाने गड चढून टाक्यातला गाळ उपसतात, कारण तिथे त्यांना कुणी हात लावू नका म्हणत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने हे ओळखलंय, २०१५ पासून त्यांची बस वस्तू घेऊन शाळाशाळांत, गावोगावी जाते आणि २०१९ मध्ये मुलांचं वेगळं संग्रहालय उघडलं तेव्हा तिथे काय मांडायचं हे ठरवायला शाळकरी मुलांनाच क्युरेटर केलं.

बाकीच्यांना एवढं मोठं जमणार नाही, मान्य, स्टाफच नाही तर करणार काय. पण कॉलेजातल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांना वर्षाला १२० तास काम करायचंच असतं, त्यातले थोडे तास जवळच्या संग्रहालयाला द्या की. आजीला विचारून वज्रीची पाटी त्यांना लिहू दे, वऱ्हाडीत लिहा, मालवणीत लिहा, अभ्यासकांनी फक्त तपासून द्यावी आणि खाली पोराचं नाव टाकावं. संग्रहालयाचं इन्स्टाही त्यांच्याकडेच सोपवा, पासवर्ड साहेबांच्या केबिनमध्ये ठेवून काय करायचाय? आणि हो, फ्लॅश न मारता फोटो काढू द्या, त्याला तर कुठल्या बजेटचीही गरज नाही.

आपला,
एक वाचक, पुणे