राहेलला गप्प न करणाऱ्या बाईंना

अहिल्यानगर,
आगमनकाळाचा पहिला रविवार

आदरणीय बाई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

गेल्या नाताळात तुम्ही माझ्यासाठी जे केलेत त्याबद्दल मी तुम्हाला साधे ‘आभारी आहे’ असेही म्हटले नव्हते. तेव्हा तोंडातून शब्दच फुटत नसे. आज लिहिते आहे आणि उघडपणे लिहिते आहे, कारण आपल्या चर्चच्या मंडळीत या वर्षीही काही घरांत पहिला रिकामा नाताळ येणार आहे.

ऑगस्टमध्ये लेक गेली. घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करायचा नाही, कढई चढवायची नाही, ही रीत आपल्या वाडवडिलांनी धर्म बदलला तरी आपल्या घरांतून गेलेली नाही. मला तर ती सोयीचीच वाटली. डिसेंबर लागल्यावर गल्लीत चांदण्या टांगल्या गेल्या, गाणारी मुले घरोघरी फिरू लागली आणि मी संध्याकाळी सहा वाजताच पुढचा दिवा मालवू लागले. भेटायला येणारे प्रेमानेच बोलत, हे मला कळत होते. पण ‘प्रभूने आपल्या बागेसाठी सुंदर फूल खुडले’ असे कोणी म्हटले की मला त्या माळ्याचाच राग येई. एकांनी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला : त्यांची एकुलती मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. दाखला खरा होता, पण तो मला छडीसारखा लागला.

तुम्ही 23 तारखेला आलात. पिशवीत करंज्यांचा डबा होता, कारण दुखवट्याच्या घरी फराळ शेजारपाजाऱ्यांनी पोचवायचा असतो, हे तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही चांदणीबद्दल विचारले नाहीत, उपासनेला येण्याचा आग्रह केला नाहीत. पाऊण तास तुम्ही नुसत्या बसून होतात. मी रमाबाईंबद्दल कुरकुरले तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, “त्या काम करीत होत्या, म्हणजे रडत नव्हत्या असे तुला कोणी सांगितले?”

मग तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढलात. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी म्हणजे मागी लोक, तारा, सोने, ऊद आणि गंधरस इथवरचा भाग मला पाठ होता. शब्बाथशाळेच्या नाटकात माझी लेक तीन वर्षे मागी झाली होती, आणि तिची पुठ्ठ्याची पेटी तुम्हीच चिकटवून दिली होती. आपले नाटक तिथेच संपते. तुम्ही पुढे वाचलेत : हेरोद राजाने बेथलेहेमातली बालके मारली, आणि रामा येथे राहेल, इस्राएल लोकांची ती पूर्वज आई, आपल्या मुलांसाठी रडते आहे, ती सांत्वन घेईना, कारण ती नाहीत. पुस्तक मिटून तुम्ही म्हणालात, “शुभवर्तमानाने तिला गप्प केले नाही. मग मी तुला का करू?”

बाई, त्या वाक्याने माझे दु:ख कमी झाले नाही. पण तोवर मला वाटत होते की नाताळ ही सुखी घरांची मालमत्ता आहे आणि मी तिच्या फाटकाबाहेर उभी आहे. ते फाटक त्या दिवशी उघडले. ख्रिस्तजन्माच्या कथेतच, मागी लोकांच्या भेटीपासून काही ओळींवर, एका आईला मोठ्याने रडायला जागा ठेवलेली आहे, हे मी पन्नाशीपर्यंत इतक्यांदा ऐकूनही ऐकले नव्हते.

निघताना तुम्ही उंबऱ्यात थांबून सांगितलेत, “राहेलचे रडणे मत्तयाने यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतले आहे. एकतिसावा अध्याय. घाई नाही, जमेल तेव्हा बघ.” मी तो 28 तारखेच्या रात्री उघडला, हेरोदाने मारलेल्या त्या बालकांचे स्मरण मंडळ्या ज्या दिवशी करतात त्याच दिवशी; हा योग मी जुळवला नव्हता. पंधराव्या वचनात राहेल रडते. सोळाव्यात देव तिला अश्रू आवरायला सांगतो, आणि सतराव्यात तिच्या पुढल्या काळासाठी आशा आहे, तिची मुले परत येतील, असे तिला वचन देतो. आशा रडण्याच्या जागी आलेली नाही, रडण्याच्या मागोमाग आली आहे. पुनरुत्थानावरचा विश्वास मी दर रविवारी मंडळीबरोबर बोलून दाखवीत आले होते. त्या रात्री मला प्रथमच त्याची गरज पडली, आणि तो टिकला. थोडा डगमगला, हेही खरे सांगते.

अजूनही काही दिवस मी दिवा सहालाच मालवते. मात्र या वर्षी चांदणी करायची ठरवली आहे. बांबूच्या काड्या आणून ठेवल्या आहेत, पांढरा पतंगी कागद लेकीच्याच कपाटात निघाला. खळ मी शिजवीन, पण काड्यांच्या गाठी ती मारायची आणि मला त्या नीट येत नाहीत. 23 तारखेला तुम्ही याल ना?

तुमची नम्र,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई