सवानातल्या काकूंना, सगळ्यांसमोर थँक्यू

काकू, हे सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण अटलांटातले ओळखीचे सगळे मला विचारतायत की आईबाबांना सवानाला, आपल्या जॉर्जियातल्याच त्या जुन्या शहरात, नेलंस तर बाबा चालले कसे नि आईने खाल्लं काय, आणि दोन्हीची उत्तरं माझी नाहीतच, तुमच्या व्हॉइस नोट्समधली आहेत. आपली भेटसुद्धा नाही अजून, मंडळातल्या ओळखीतून नंबर मिळाला आणि तुम्ही पहिल्याच फोनवर कुठलं हॉटेल वगैरे न विचारता बाबांचे गुडघे कसे आहेत ते विचारलंत.

जॉर्जिया ही इंग्रजांची वसाहत उभी करणाऱ्या ऑगलथॉर्पने 1733 मध्ये शहर वसवलं तेच मधेमधे चौक सोडून, पुढे वाढत ते 24 झाले, त्यातले 22 आजही आहेत, सगळीकडे ओकची दाट सावली आणि बाकडी. तुम्ही म्हणालात, बुल स्ट्रीट धरा आणि बसत बसत जा. फोर्सिथ पार्कच्या कारंज्यापर्यंत बाबा अजिबात न कुरकुरता आले हो! रिव्हर स्ट्रीटला उतरायला त्या उंचसखल दगडी पायऱ्या नकोत, सिटी हॉलशेजारी लिफ्ट आहे, हे तर इथे इतकी वर्षं राहून मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि बाबा उरणचे, जेएनपीटी बंदरातून रिटायर झालेले, हे लक्षात ठेवून तुम्ही संध्याकाळ नदीवर ठेवलीत ना, त्याबद्दल स्पेशल थँक्यू. तिथले रस्ते जहाजांनी बॅलास्ट म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरायचं वजन, आणलेल्या दगडांचे आहेत म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बॅलास्टवर लेक्चर दिलं, मग एक अवाढव्य कंटेनर जहाज अगदी समोरून गेलं तर तेच मोबाईल काढून उभे. नदी ओलांडणाऱ्या फुकटच्या फेरीबोटीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा काही कारण नव्हतं, हौस.

पण मला खरं थँक्यू म्हणायचंय ते तुमच्या एका हट्टाबद्दल. 'आधी ओवेन्स-थॉमस हाऊस बघा, मग बाकीचं सुंदर सुंदर काय ते बघा' असं तुम्ही बजावलंत. 1819 चं घर, पावसाचं पाणी टाक्यांत साठवून घरात नळ खेळवलेले, बाबा खूश, आणि मागच्या अंगणात त्याच घरात राबणाऱ्या गुलाम माणसांच्या खोल्या, वर छताला अजून टिकलेला निळा रंग, भुताखेतांनी लांब राहावं म्हणून लावलेला. आई तिथे बराच वेळ वर बघत उभी होती. ज्या जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीवर बंदी होती तिथे 1751 पासून ती कायदेशीर झाली, आणि 1859 मध्ये ह्याच शहराबाहेर दोन दिवसांच्या लिलावात चारशेच्या वर माणसं विकली गेली, हे कळल्यावर पुढचे बंगले आणि बाल्कन्या बघताना हे कोणी बांधलं असेल हा प्रश्न आईच दर वेळी विचारत होती. घोडागाडीच्या टूरने सुरुवात केली असती तर हे झालं नसतं.

आता खाणं. मिसेस विल्क्सकडे अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसून जेवायची मजा आहे, पण शाकाहारी माणसाला त्या रांगेत उभं करू नकोस, भाज्या आणि कडधान्यंसुद्धा इकडे बऱ्याचदा पोर्क घालून शिजवतात, हे तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही सगळीकडे आधी विचारत होतो. आईला फ्राइड ग्रीन टोमॅटो जाम आवडले. ग्रिट्स म्हणजे मक्याची बिनगुळाची लापशी, ती तिने चमचाभर खाऊन बाबांकडे सरकवली. उकडलेल्या शेंगा मात्र गाडीत बसल्याबसल्या संपल्या, आणि अमेरिकेत हे मिळतं तर इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस म्हणून मीच ओरडा खाल्ला. लिओपोल्ड्स 1919 पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, रांग मोठी होती पण टुटीफ्रुटीसाठी थांबलो. प्रालिन, ती साखर नि पेकानची वडी, मला फार गोड वाटलं, सॉरी.

ज्या वसाहतीत एके काळी रमवर बंदी होती तिथे आज प्लास्टिकच्या ग्लासात बिअर घेऊन चालत्या रस्त्याने फिरता येतं, ह्याचा बाबांनी पुरेपूर फायदा घेतला. आईने कपाळाला हात लावला.

बॉनाव्हेंचर कब्रस्तानात झाडांवरून लोंबणारं ते स्पॅनिश मॉस आईला घरी न्यायचं होतं, पण खाली पडलेलं उचलू नका, बारीक किडे चावतात, ही तुमची सूचना वेळेवर आठवली.

आई परत जायच्या आधी एकदा अटलांटाला या ना काकू, जेवायलाच या. तिने तुमच्यासाठी गोडा मसाला बाजूला काढून ठेवलाय, आणि येणं जमणार नसेल तर पत्ता पाठवा, मी कुरिअर करते.