आमच्या लेकीला पालथं घालणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. वाचलंत की कळेलच.

लेक जन्मली ती अगदी आत गेलेली हनुवटी घेऊन. आजोबांवर गेलीय म्हणून घरचे हसलेही. रात्री मात्र तिच्या प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ओठ निळसर दिसायला लागले. तुम्ही धावत आलात, एका हाताने तिला पालथी केलीत आणि मान जराशी वळवलीत. मागे पडून श्वासाची वाट अडवणारी जीभ पुढे आली, मॉनिटरचं केकाटणं थांबलं. एरवी बाळाला पालथं झोपवू नका म्हणून आयांना दटावणाऱ्या तुम्हीच! 'हिचं वेगळं आहे, पण मशीन लावल्याशिवाय नाही,' हेही लगेच बजावलंत.

सकाळी डॉक्टरांनी नाव सांगितलं: पिएर रॉबिन सिक्वेन्स. पिएर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली याचं वर्णन केलं. जबडा पोटातच लहान राहतो, त्यामुळे जीभ वर अडकते आणि तोंडातली टाळू जुळत नाही. सासूबाईंचं निदान तयारच होतं, ग्रहणात मी विळी हातात धरली होती ना! तुम्ही पलाडा, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, धुता धुता म्हणालात, 'आजी, टाळू तिसऱ्या महिन्यातच जुळायची असते. ग्रहण तर सातव्यात लागलं.' त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. या एका वाक्यासाठी वेगळे आभार, मोठे.

फाटलेल्या टाळूने बाळाला ओढून पिता येत नाही. आधीच्या दवाखान्यात 'छातीला लावत राहा' एवढंच सांगत होते. तुम्ही पलाडा माझ्या हातात दिलात. आमच्याकडचं बोंडलंच ते, पण धरायचं कसं ते तुम्ही शिकवलंत: बाळ उभट, धार गालाच्या आतल्या बाजूला, थोडंसंच. 'भांड्याकडे नको, गळ्याकडे बघा. गिळलं की मग पुढचं.' नाकातून दूध आलं की माझे हात थरथरायचे. तुम्ही शेजारी बसून राहायचात, पलाडा मात्र हातात घ्यायचा नाहीत. तेव्हा राग यायचा, खरं सांगते.

आता टाळूचं ऑपरेशन झालंय. हनुवटीही बरीच पुढे आलीय. अशा मुलांत कधीकधी स्टिकलर सिंड्रोम, म्हणजे डोळ्यांवर आणि कानांवर परिणाम करणारा जन्मजात आजार, निघतो, म्हणून डोळे आणि कानही तपासून घेतले, ठीक आहेत. 'बाबा' मधला ब अजून नाकातून येतो, त्यासाठी स्पीच थेरपी सुरू आहे.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. तुमची रात्रपाळी असली तर कळवा, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबू.

तुमची,
कोपऱ्यातल्या पाळण्याची आई