ऊषर म्हणजे पडीक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शास्त्रे जमिनीबद्दल परस्परविरुद्ध बोलतात, हा आक्षेप जुनाच आहे आणि त्याला दाखलाही ठरलेला असतो. मनुस्मृती (२.११२) म्हणते, अपात्राला विद्या देणे म्हणजे ऊषर, म्हणजे खाऱ्या, जमिनीत चांगले बी टाकणे. उलट शतपथ ब्राह्मणात (२.१.१) अग्न्याधानासाठी, म्हणजे यज्ञाग्नीच्या स्थापनेसाठी, गोळा करायच्या वस्तूंत पाणी, सोने, उंदराच्या बिळाची माती आणि खडे यांच्या जोडीला हाच ऊष, म्हणजे खारी माती, आहे. तैत्तिरीय ब्राह्मण तर तिला पुष्टी म्हणते. मग ती वांझ की पुष्टी?

उत्तर शतपथाच्या त्याच प्रकरणात आहे: ‘पशव्यमूषरम्’, ऊषर जमीन गुरांना हितकर. गवतातून, कडब्यातून गुरांना सोडियम पुरेसा मिळत नाही, म्हणून ती खारी माती चाटतात. आपण गोठ्यात मिठाची वीट टांगतो ती त्याचसाठी. एक वचन बियाण्याचे, दुसरे गुरांचे. भांडण कुठे आहे? (यावरून ऋषींना मृदाशास्त्र येत होते असे मात्र कुणी छापू नये. गुरे कुठे चाटतात, एवढे त्यांना ठाऊक होते.)

घोळ होतो तो भाषांतरात. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या भूमिवर्गात उर्वरा म्हणजे सर्व पिकांनी संपन्न, ऊषर म्हणजे क्षारमाती असलेली, खिल किंवा अप्रहत म्हणजे नांगर न लागलेली, आणि मरु म्हणजे निर्जल, असे वेगळे शब्द आहेत. मराठीत शेवटच्या तिघींनाही ‘नापीक’ म्हटले की विरोध आपोआप तयार होतो. खिल जमीन नांगरली की पिकते. ऊषर नुसती नांगरून पिकत नाही. ‘बीज श्रेष्ठ की क्षेत्र’ हा मनूचा वाद (१०.७०) तर वंशाचा आहे, शेतीचा नाही, तो इथे आणूच नये.

शब्दांची हीच गल्लत खानदेशात वावरातही नडते. खारवट आणि चोपण या दोन्ही जमिनींना सरसकट ‘खार लागली’ म्हणतात आणि उपाय उलटे होतात. खारवट जमिनीत उन्हाळ्यात पांढरे मीठ फुलते, सामू (पीएच) ८.५ च्या आत, विद्युतवाहकतेवरून मोजलेली क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर. तिला आधी चर काढून निचरा द्यायचा, मग गोड्या पाण्याने धुवायचे. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. पाणी वर तुंबते, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे. ही जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर आणखी बिघडते, कारण विरघळणारे क्षार निघून जातात, सोडियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, कण सुटे होतात आणि छिद्रे बुजतात. इथे आधी माती परीक्षणात येईल तेवढे जिप्सम वरच्या २० सेंटिमीटर थरात मिसळायचे आणि पाणी नंतर द्यायचे. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरात जातो. चर नसेल तर तो जाणार कुठे? जिप्सम वाया गेल्याची तक्रार बहुधा इथेच उगम पावते. चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालते, पण जिवाणूंनी त्याचे आम्ल करायला वेळ लागतो; ते पेरणीच्या तोंडावर टाकून उपयोग नाही. त्यानंतर हेक्टरी ४० ते ५० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, गाडावा.

आणि ‘नापीक’ कुणासाठी, हेही विचारावे. ज्या क्षारतेत केळीच्या पानांच्या कडा करपतात आणि हरभरा उगवतच नाही, तिथे कपाशी बरी तग धरते.

आपल्या अध्यात्म पुरवणीत ऊषरसाठी ‘खारवट’ आणि खिलसाठी ‘पडीक’ असे दोन शब्द वापरावेत, ही विनंती.

आपले,
काही वाचक, अमळनेर